माहिती आयोगातल्या रिकाम्या खुर्च्या आणि आमच्या गल्लीतला रस्ता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तहसील कचेरीच्या समोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. माहिती अधिकार कायदा २००५ च्या ऑक्टोबरात लागू झाला आणि त्याच्या आदल्याच वर्षी मी दुकान टाकलं होतं, त्यामुळे हा कायदा माझ्या दुकानाबरोबरच मोठा झाला असं मी समजतो. सातबाऱ्याच्या झेरॉक्स, उत्पन्नाच्या दाखल्याचे फॉर्म, प्रतिज्ञापत्रं हे रोजचं काम, आणि मधून मधून कोणीतरी हळू आवाजात विचारतं, भाऊ तो माहितीचा अर्ज करून मिळेल का. जोडपत्र अ म्हणजे अर्ज, ब म्हणजे पहिलं अपील, क म्हणजे दुसरं अपील, अर्जाला दहाचं कोर्ट फी तिकीट, अपिलाला वीसचं, हे सगळं आता झोपेत विचारलं तरी सांगेन. एका जुन्या लाँगबुक वहीत मी प्रत्येक अर्जाची नोंद ठेवतो, कोणाचा, कुठल्या ऑफिसला, कधी पाठवला, पोच आली का. त्याचे वेगळे पैसे घेत नाही, सवय लागली म्हणून ठेवतो.

ती वही चाळताना जे दिसतं ते लिहायचं आहे म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वहीच्या सुरुवातीच्या पानांवर एका आजीची नोंद आहे. श्रावणबाळ योजनेचे पैसे सहा महिने बंद झाले होते, बँकेत गेली की बँकवाले म्हणायचे तहसीलला जा, तहसीलला गेली की म्हणायचे वरून आलेले नाहीत. आजी चार किलोमीटर चालत यायची, दुकानाच्या पायरीवर बसून पाणी प्यायची आणि परत जायची. एक दिवस मीच म्हणालो आजी आपण एक अर्ज करू. चार ओळींचा अर्ज, माझे पैसे बंद करण्याचा आदेश कोणी काढला त्याची प्रत द्या आणि माझ्या फाईलवरची टिपणी द्या, एवढंच. आजी दारिद्र्यरेषेखालची म्हणून फी पण लागली नाही. अंगठा उठवला आणि अर्ज आवक-जावकला दिला. बाराव्या दिवशी तिथले भाऊसाहेब स्वतः रस्ता ओलांडून दुकानात आले, म्हणाले त्या म्हातारीला सांगा पैसे जमा झाले, मागचे पण झाले, आता अर्जाचं काही करू नका. अर्जाचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही, पैसे मात्र आले. आजीने मला नंतर घरच्या शेंगा आणून दिल्या होत्या.

भाऊसाहेब रस्ता ओलांडून का आले हे समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा कायदा तिथेच आहे. ३० दिवसांत माहिती द्यायची, नाही दिली तर त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, तिथे पण नाही झालं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आणि आयोगाला वाटलं की मुद्दाम अडवलं तर रोजचे २५० रुपये असा २५ हजारांपर्यंत दंड, तो पण ऑफिसच्या पैशातून नाही, त्या अधिकाऱ्याच्या पगारातून. पहिल्या दोन पायऱ्या त्याच घरातल्या आहेत, म्हणजे ज्याने माहिती अडवली त्याचाच साहेब पहिलं अपील ऐकतो, रोज एकत्र चहा घेणारी माणसं ती. घराबाहेरची पायरी एकच, आयोग. तिथे बसलेला माणूस ना तहसीलदाराच्या हाताखाली, ना मुख्याधिकाऱ्याच्या, ना कलेक्टरच्या. त्या एका बाहेरच्या माणसाच्या भीतीने आतली सगळी माणसं वेळेवर कागद देत होती. आजीने आयोगाचं नाव पण कधी ऐकलं नसेल, पण तिचे पैसे त्या भीतीमुळेच आले.

आता ती भीती राहिलेली नाही, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, माझं स्वतःचं प्रकरण सांगतो. गावाचं आणि ऑफिसचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण मला कोणा एकावर राग काढायचा नाही, आणि शेजारच्या तालुक्यात वेगळं चित्र असेल असंही मला वाटत नाही.

२०२१ च्या जानेवारीत आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. लोक खुश, मी पण खुश, दुकानात धूळ येणं कमी झालं. पुढच्या पावसाळ्यानंतर पाण्याच्या पाईपसाठी तोच रस्ता कटरने कापला, तेव्हा माझ्या घरासमोरच कापलेली कड उघडी पडली. मी कागद कापायच्या टेबलावरची स्टीलची टेप घेऊन गेलो आणि मोजलं, १३ सेंटीमीटर. तीन ठिकाणी मोजलं, तेवढंच, एका ठिकाणी तर त्याहून कमी. खाली खडी नाही, सरळ मुरूम. टेप लावून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला. मग २०२२ च्या फेब्रुवारीत अर्ज केला, या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि क्वालिटी टेस्टचा रिपोर्ट. आपल्या राज्याच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, माझा ८० शब्दांत बसला होता.

पहिलं उत्तर आलं, माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयात येऊन अवलोकन करावे. गेलो. संबंधित टेबल रजेवर. पुन्हा गेलो, टेबल साईटवर. तिसऱ्यांदा गेलो तर फाईल ऑडिटला गेलेली. पहिलं अपील केलं. सुनावणीची नोटीस सुनावणी झाल्यावर चार दिवसांनी पोस्टाने मिळाली, पण आदेश चांगला होता, १५ दिवसांत माहिती विनामूल्य द्यावी. हे वाक्य ज्यांनी ज्यांनी अपील केलंय त्या सगळ्यांना ओळखीचं असेल. १५ दिवस झाले, ४० झाले, काहीच नाही. ऑगस्टमध्ये दुसरं अपील टाकलं, तेव्हा त्या ऑफिसातला एकजण मला अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, काका करा की अपील, नंबर लागेपर्यंत माझी बदली होईल आणि तुम्ही पण विसरून जाल. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच माहीत होतं की काय होणार आहे आणि तसंच झालं.

माझी सुनावणी २०२५ च्या फेब्रुवारीत लागली, अडीच वर्षांनी. त्या वेळी टेबलावर तिसरा माणूस होता, त्याला प्रकरण माहीत नाही, आधीच्यांची बदली झालेली. आयुक्तांनी शांतपणे ऐकलं, कागद बघितले, ३० दिवसांत माहिती द्या म्हणून सांगितलं आणि आधीच्या अधिकाऱ्याचा खुलासा मागवला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या दिवशी त्यांच्यासमोर फायलींचा केवढा गठ्ठा होता ते मी बघितलंय. आणि मग शेवटी मला एमबीची प्रत मिळाली. त्यात सिमेंट काँक्रीटची जाडी लिहिली आहे २० सेंटीमीटर. सही शिक्का सगळं व्यवस्थित.

पण संपादक साहेब खरी गोष्ट पुढे आहे. त्याच कागदांत करार पण आला, त्यात ठेकेदाराची जबाबदारी तीन वर्षं, त्या मुदतीत काम खराब निघालं तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचं आणि तोपर्यंत त्याचं डिपॉझिट ऑफिसकडे राहायचं. ती मुदत २०२४ च्या जानेवारीत संपली होती. डिपॉझिट परत गेलेलं होतं. म्हणजे २०२२ मध्ये कागद मिळाला असता तर सात सेंटीमीटरचा हिशोब त्याच ठेकेदाराकडून वसूल करता आला असता, रस्ता पुन्हा करून घेता आला असता, एक रुपया जादा न लागता. २०२५ मध्ये तोच कागद माझ्या हातात आहे आणि त्याचा उपयोग लॅमिनेशन करून भिंतीवर लावण्यापुरता. मी त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. राग आला होता, आणि वाईट पण वाटलं की आपण एवढं सरळ रस्त्याने गेलो, एक नियम चुकवला नाही, तरी हात रिकामे.

म्हणून मी म्हणतो की उशीर ही छोटी अडचण नाही. माहितीला पण दुधासारखी वेळ असते, नासल्यावर दिलेलं दूध हे दिलं म्हणून धरायचं का.

आता हे का होतं ते बघा. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे राज्यात एक मुख्य माहिती आयुक्त आणि जास्तीत जास्त १० आयुक्त नेमता येतात. आपल्याकडे मुंबईच्या मुख्यालयाशिवाय बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशी खंडपीठं आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टापुढे हा विषय आला तेव्हा महाराष्ट्राच्या आयोगाला मुख्य आयुक्त नव्हता, फक्त चार आयुक्त होते, आणि पडून असलेली अपिलं १ लाख १५ हजारांच्या वर. चार माणसं आणि सव्वा लाखाच्या आसपास फायली, कोणी देवमाणूस बसवला तरी काय करणार. त्या वेळी कोर्टाने सगळ्या राज्यांना बजावलं होतं की जागा भरल्या नाहीत तर हा कायदा नुसता कागदावरचा उरेल. झारखंडचा आयोग तर २०२० पासून कित्येक वर्षं बंदच पडून होता, तिथल्या माणसाने दुसरं अपील करायचं कुठे. आणि हे कोर्टाने पहिल्यांदा सांगितलं असंही नाही, २०१९ च्या फेब्रुवारीतच माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज यांच्या केसमध्ये सांगून झालं होतं की जागा रिकामी होण्याच्या एक-दोन महिने आधीच भरतीची प्रोसेस सुरू करा. आयुक्त कधी रिटायर होणार ही तारीख नेमणुकीच्या दिवशीच कळलेली असते, त्यात अचानक असं काही नाही. आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिपाई रिटायर होणार तर वर्षभर आधी पेन्शनची फाईल चालू होते.

खुर्ची भरायची कोणी, तर मुख्यमंत्री, मुख्यमंत्र्यांनी नेमलेले एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता अशा तिघांच्या समितीने. म्हणजे तीन मतांपैकी दोन सरकारची. ज्याच्या कारभारावर नजर ठेवायची तोच नजर ठेवणारा निवडतो, आणि निवडायचं की नाही, कधी निवडायचं हे पण तोच ठरवतो. मी कुठल्या एका पक्षाबद्दल बोलत नाही, या वीस वर्षांत आपल्याकडे सगळेच सत्तेत बसून गेले आणि जागा सगळ्यांच्याच काळात रिकाम्या राहिल्या. कायदा रद्द करायला गेलं तर विधानसभेत गोंधळ होईल, पेपरात येईल, मोर्चे निघतील. खुर्ची रिकामी ठेवली तर कोणी मोर्चा काढत नाही, हे त्यांना पक्कं कळलेलं आहे.

त्यात २०१९ ला केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली. आधी आयुक्ताची मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं अशी कायद्यातच होती. आता मुदत आणि पगार केंद्र सरकार नियमाने ठरवतं आणि नियमात मुदत तीन वर्षं केली. साधा हिशोब आहे, पाच वर्षांनी रिकामी होणारी खुर्ची आता तीन वर्षांनी रिकामी होते, आणि ती भरायला आधीच जो उशीर व्हायचा तो आता दर तीन वर्षांनी होणार. शिवाय ज्याचा पगार आणि मुदत सरकारच्या हातात त्याने सरकारी अधिकाऱ्याला दंड लावताना दोनदा विचार केला तर त्याला तरी दोष कसा द्यायचा. ज्याचा न्याय करायचा त्याच्यापेक्षा निवडणारा आणि पगार ठरवणारा वेगळा असला पाहिजे हे तर घरातल्या पोरांच्या भांडणात पंच नेमताना पण आपल्याला कळतं.

लोक म्हणतात माहिती अधिकारवाले ब्लॅकमेलर असतात. मी नाही म्हणणार नाही. माझ्याच दुकानात असे दोघे यायचे, एका दिवशी पंधरा अर्ज टाईप करून घ्यायचे आणि नंतर कळायचं की सेटलमेंट झाली. मी त्यांचं काम बंद केलं, तोंडावर सांगितलं. पण त्यांचा धंदा कशावर चालतो हे बघा, तो लपवलेल्या कागदावर चालतो. कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की १७ बाबींची माहिती ऑफिसने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची, कायदा आल्यापासून १२० दिवसांत. आमच्या रस्त्याची एमबी आणि टेस्ट रिपोर्ट पहिल्या दिवसापासून वेबसाईटवर असते तर कोणी कोणाला काय विकलं असतं. आयोग जोरात चालला की प्रामाणिक माणसाला कागद मिळतो. आयोग थंड पडला की सरळमार्गी माणूस कंटाळून घरी बसतो आणि मैदानात फक्त तो सेटलमेंटवाला उरतो, हे मी वहीत बघतोय, साध्या लोकांचे अर्ज वर्षागणिक कमी झालेत.

आणि हा कायदा कोणी ताटात वाढून दिलेला नाही. राजस्थानात मजुरांनी हजेरीपटावरची खोटी नावं गावासमोर वाचून दाखवली, १९९६ ला ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं. आपल्याकडे अण्णा हजारेंनी २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं तेव्हा राज्याचा माहिती अधिकार कायदा लागू झाला, देशाच्या कायद्याच्या दोन वर्षं आधी. आदर्श सोसायटीचं प्रकरण या कायद्याने मिळालेल्या कागदांवर उभं राहिलं आणि २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत तळेगाव दाभाड्याला सतीश शेट्टी सकाळी घराबाहेर पडले असताना त्यांचा खून झाला, जमिनींचे व्यवहार ते बाहेर काढत होते. ज्या कायद्यापायी माणसाने जीव गमावला तो कायदा आज टायपिंगच्या दुकानात लोक मला विचारतात की काका अजून चालतो का हो.

होत नाही असं पण नाही. मुंबईचे शैलेश गांधी २००८ ते २०१२ केंद्रीय माहिती आयुक्त होते, त्यांनी तेवढ्या काळात २० हजारांच्या वर प्रकरणं निकाली काढली. एका माणसाने. मनावर घेतलं तर होतं. आपल्याच राज्याने २०१८ ला आदेश काढला की जिल्हा पातळीपर्यंतच्या ऑफिसांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कोणीही जाऊन फायली बघाव्यात, किती चांगली गोष्ट आहे ही, अर्ज नाही अपील नाही, जा आणि बघा. पण किती ऑफिसांच्या दारावर ही पाटी आहे ते तुमच्या वार्ताहरांनी एका सोमवारी फिरून बघावं अशी माझी विनंती आहे. मी आमच्याकडे बघितली, नव्हती, मग मीच प्रिंट काढून नेऊन दिली, दोन आठवडे होती आणि नंतर रंगकाम झालं तेव्हा गेली.

अजून एक गोष्ट राहिली ती सांगतो. २०२३ ला जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला त्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदलून टाकलं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागायचं, आणि जी माहिती विधानसभेला नाकारता येत नाही ती नागरिकाला पण नाकारता येणार नाही असं वाक्य तिथे होतं. ते वाक्य गेलं. आता माहिती वैयक्तिक आहे एवढं लिहिलं की झालं. एमबीवर सही करणाऱ्या इंजिनियरचं नाव वैयक्तिक, घरकुलाच्या यादीतलं नाव वैयक्तिक, हजेरीपटावरचा मजूर वैयक्तिक, मग मागायचं काय. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) अजून आहे, पण जनहित मोठं की नाही हे शेवटी ठरवणार कोण, तर आयोग. पुन्हा त्याच रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबतो आपण. पूर्वी खुर्ची रिकामी असली तरी निदान कायदा आपल्या बाजूला स्पष्ट होता, आता तर खुर्चीत चांगला, स्वतंत्र विचाराचा माणूस असणं आधीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. कायद्यात लिहिलंय की कायदा, विज्ञान, समाजसेवा, पत्रकारिता, व्यवस्थापन अशा कुठल्याही क्षेत्रातला जाणकार आयुक्त होऊ शकतो, तरी बहुतेक वेळा रिटायर झालेले अधिकारीच का दिसतात. एखादी निवृत्त न्यायाधीश, एखादा प्रामाणिक पत्रकार, कॉलेजात कायदा शिकवणाऱ्या बाई, का नाही.

माझं मागणं फार नाही. जागा रिकामी होण्याआधी जाहिरात निघावी आणि कोणाकोणाचे अर्ज आले, कोणाला का निवडलं हे लोकांना कळावं. पहिल्या अपिलाला कायद्यात मुदत आहे तशी दुसऱ्या अपिलाला पण असावी. आणि ज्या कामात ठेकेदाराच्या जबाबदारीची मुदत चालू आहे, किंवा ज्या अर्जामागे कोणाची पेन्शन, रेशन अडकलंय, त्या अपिलांचा नंबर आधी लागावा, त्यासाठी तर कायदा बदलायची पण गरज नसावी.

आणि एक मागणं तुमच्याकडे. पावसाळ्यात तुम्ही रोज धरणांचा पाणीसाठा छापता, कोयना इतके टीएमसी, जायकवाडी इतके टक्के, आमच्याकडे ती चौकट लोक सगळ्यात आधी वाचतात. तशीच एक छोटी चौकट दर महिन्याच्या एक तारखेला छापा. माहिती आयोगात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, पडून असलेली अपिलं किती, गेल्या महिन्यात निकाली किती, दंड किती अधिकाऱ्यांना लावला आणि वसूल किती झाला. शेजारी लोकायुक्तांची जागा भरलेली आहे का, आणि कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा, अहवाल राज्यपालांकडे जाऊन किती दिवस झाले आणि विधिमंडळात कधी ठेवला, हे पण टाका, कारण तो बऱ्याचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो आणि त्यावर बोलायला वेळच उरत नाही. पाच-सहा आकडे, दोन बोटं जागा लागेल. मी ती चौकट कापून दर महिन्याला दुकानाच्या काचेवर लावेन, तहसीलला येणारा प्रत्येक माणूस तिथूनच जातो.

आपला नेहमीचा वाचक,
झेरॉक्स व टायपिंग दुकानदार, तहसील कार्यालयासमोर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये)